शर्विलची अडखळ

ऋजुताला सकाळी शेंगदाण्याची चटणी वाटायची होती आणि मिक्सरच्या प्लगला मोजे लावलेले होते.

"ईरा, आधी हे मोजे काढ इथून! शेंगदाणे भाजून गार होऊन गेले माझे."

"आई, थोडंच चार्जिंग राहिलंय. मी दात घासालोय," न्हाणीघरातून उत्तर आलं. "मामाला सांग की काढायला."

कोल्हापूरच्या बऱ्याच पोरींसारखी अकरा वर्षांची ईराही 'मी जातो, मी घासतो' असंच बोलायची. ते सुधारायचा नाद तिच्या आईने केव्हाच सोडून दिला होता.

मामा म्हणजे शर्विल खराडे. ओट्याला टेकून दूध पीत उभा होता. भारतीय फुटबॉल संघाच्या मधल्या फळीचा हा सूत्रधार. याच्या पायाशी चेंडू आला की प्रतिस्पर्ध्यांचे पाठीराखे देवाचं नाव घ्यायचे. बहिणीच्या घरी मात्र त्याची किंमत मोजे काढून देण्याइतकीच. त्याने मुकाट्याने ते प्लगमधून सोडवले आणि हातात घेऊन जरा ताणून पाहिले. राखाडी, मऊ, घोट्यापाशी हिरवा ठिपका. शेजारी पडलेल्या खोक्यावर त्याचाच हसरा फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'शर्विलची अडखळ. आता तुमच्या पायात.'

या मोज्यांना सगळे गिरवणी म्हणत. मोज्याच्या विणीत केसाहून बारीक तारा असत आणि त्या पोटरीच्या व घोट्याच्या स्नायूंना ठरलेल्या क्षणी विजेची हलकी टिचकी मारत. मुंगी चालल्यासारखं वाटे, तेवढंच. कोणता स्नायू कधी आवळायचा आणि कधी सैल सोडायचा हे त्या टिचक्या ठरवत, आणि टिचक्यांचा तो सगळा क्रम शर्विलच्या पायांवरून उतरवून घेतलेला होता. त्याला स्नायुलेख म्हणायचे. पाटीवर काढून दिलेलं अक्षर पोर रोज गिरवतं आणि मग एक दिवस कोऱ्या पाटीवरही हात आपोआप ते अक्षर काढतो. इथे हाताऐवजी पाय होता, एवढाच फरक.

आणि अडखळ म्हणजे ती जगप्रसिद्ध चाल. चेंडू घेऊन धावताना शर्विल डाव्या पायावर यायचा आणि पाय वाकडा पडल्यासारखा क्षणभर झुकायचा. आता हा पडला, असं वाटून समोरचा बचावपटू चेंडूवर झेपावायचा आणि तोवर हा उजव्या पायाने बाहेरच्या अंगाने निघून गेलेला असायचा. भल्याभल्यांना ती चाल नक्कल करूनही जमली नव्हती. मग 'वेगांत' नावाच्या कंपनीने ती मोज्यात भरली आणि पेठेतली पोरं महिन्याभरात अडखळू लागली.

ईरा त्यात सगळ्यात सरस. दोन वर्षं गिरवणी घालून खेळत होती आणि येत्या रविवारी राज्याच्या बारा वर्षांखालच्या संघाची निवड होती. अख्खी पेठ म्हणायची, पोरगी मामावर गेलीय. ऋजुताला ते ऐकून मूठभर मांस चढायचं आणि खरं सांगायचं तर शर्विललाही.

चटणी वाटून होते न होते तोच नाझनीन बागवान आली. ऋजुताची शाळेपासूनची मैत्रीण, शर्विलची वकील, आणि या घरात न विचारता ताट वाढून घेणारी एकमेव बाहेरची व्यक्ती. परवा पुण्यात लवादापुढे सुनावणी होती. 'वेगांत'ने सहा महिन्यांपासून शर्विलचे हप्ते थांबवले होते.

भांडणाचं कारण ऐकून कुणालाही हसू आलं असतं. करारात मेळाचं कलम होतं. मैदानावरचा शर्विल आणि मोज्यातला शर्विल यांच्या चालीचा मेळ दर हंगामात नऊ दशांश तरी बसला पाहिजे. गेल्या हंगामात तो सात दशांशांच्याही खाली घसरला होता. गिऱ्हाइकाने जो शर्विल विकत घेतला तो मैदानावर दिसतच नाही, अशी कंपनीची तक्रार होती. नफ्यातला वाटा वाढवून मागितला होता, तो आम्ही नाकारला, म्हणून याने मुद्दाम खेळ बदलला, असाही आरोप होता.

"मला एवढंच सांग," नाझनीनने भाकरी मोडत विचारलं, "मुद्दाम केलंस का?"

"नाही ओ, नाझनीनताई. क्लबच्या डॉक्टर कुरियननी पाय नीट केला, म्हणून चाल बदलली. दुसरं काही नाही."

"नीट केला म्हणजे बिघडला होता?"

"बिघडला नव्हता. दुखायचा जरा."

"कधीपासून?"

हा प्रश्न त्याला कुणी कधी विचारलाच नव्हता. "असायचाच की," शर्विल म्हणाला.

नाझनीनने भाकरी खाली ठेवली. "हे बघ, दुखण्यावरच्या उपचारांनी चाल बदलली, तर मेळाचं कलम लागत नाही. आपण जिंकतो. पण करार करताना तुझी तपासणी झाली, तेव्हा 'पूर्वी दुखापत झाली होती का' याला तू 'नाही' म्हणालायस."

"झालीच नव्हती. लहानपणी एकदा नुसता पाय सरकला होता, तो दादू वस्तादांनी बसवला."

"नुसता?" नाझनीनने ऋजुताकडे पाहिलं. "जा, वस्तादांना भेटून ये. काय झालं होतं ते नीट विचार."

दादू वस्ताद ऐंशीच्या घरात होते. उत्तरवेस तालमीच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि आल्यागेल्याची तब्येत नजरेने जोखायचे. या तालमीत पूर्वी फक्त कुस्ती होती, मग फुटबॉल आला, पण रीत जुनीच राहिली. पोराला काही झालं की ते आधी वस्तादांकडे यायचं आणि बहुतेक वेळा तिथूनच घरी जायचं. मागे शर्विलच्या पैशातून तालमीची नवी इमारत उभी राहात होती. दोन मजले झाले होते. तिसऱ्याचं काम हप्त्यांबरोबर थांबलं होतं.

"तुझा पाय? आठवतोय की!" वस्ताद खुलले. "अकरा वर्षांचा होतास. पेठांची फायनल तोंडावर आलेली आणि तू गॅलरीच्या भिंतीवरनं खाली आलास. घोटा ह्यो एवढा सुजला. मी वढून बसवला, आंबेहळदीचा लेप घातला, वर पट्टा आवळला. चौथ्या दिवशी खेळलास आणि गोल मारलास."

"डॉक्टरांकडे नेलं नव्हतं?"

"कशाला? हाड बाहेर आलं न्हवतं, रगत न्हवतं. त्येला काय लागलं म्हणत्यात होय? पाय सरकला होता निस्ता."

शर्विलला त्यात खोट काढता येईना. तालमीत दुखापत म्हणजे हाड मोडणं. बाकी सगळं सरकणं, लचकणं, अखडणं, आणि त्यावर खेळणं म्हणजे मर्दुमकी. तपासणीच्या वेळी त्याने 'नाही' म्हटलं ते अगदी मनापासून म्हटलं होतं.

"आणि बघ," वस्ताद पुढे झुकून कौतुकाने म्हणाले, "त्यानंतरच तुझी ती अडखळ सुरू झाली. आम्ही म्हटलं, पोरगं कायतरी नवीनच शिकलं!"

कुरियन जे वर्षभर सांगत होते ते शर्विलला आत्ता उमगलं. घोटा वाकडा जुळला होता. त्यावर भार आला की कळ यायची, म्हणून पाय भार टाळायला झुकायचा. कळ इतकी जुनी होती की ती कळ आहे हेच तो विसरला होता. ज्या चालीसाठी लोक तिकिटं काढत होते, ती लंगडणाऱ्या पोराने शोधलेली पळवाट होती.

समोरच्या मैदानावर पोरापोरींचा सराव चालला होता. तो जाऊन बाजूला उभा राहिला. एकामागून एक सगळी डाव्या पायावर झुकत होती. खेळ थांबल्यावर पाणी प्यायला निघाली तेव्हाही थोडी झुकतच होती. ईरा घामाघूम होऊन त्याच्याजवळ आली, पायरीवर बसली आणि तिने मोजे काढले. घरी निघायला उठली तेव्हा पायरी उतरताना तिने डावा पाय हलकेच टेकला, काचेवर ठेवावा तसा.

"दुखतोय का गं?"

"न्हाई," ईरा म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "असतंय की असं."

त्याने तिचा चालतानाचा व्हिडिओ काढला आणि कोचीला डॉक्टर कुरियनना पाठवला. दुपारी त्यांचा फोन आला. ते नेहमी गमतीने सुरुवात करायचे, आज केली नाही.

"मुलीचा घोटा निरोगी दिसतोय," ते म्हणाले. "पण जी जखम तिला नाहीच, ती तिचे स्नायू सांभाळतायत. तुझी जखम. भार सगळा गुडघ्यावर चाललाय, आणि हाडं अजून वाढतायत. असंच चाललं तर विसाव्या वर्षी तिला जिने चढणं जड जाईल."

"आणि आत्ता थांबवलं तर?"

"वय लहान आहे. बहुधा सुटेल, पण मोजा काढला की सवय जात नाही, शर्विल. तुझी घालवायला किती दिवस लागले ते तुला माहीत आहे. अशी किती मुलं आहेत?"

शर्विलला आकडा माहीत नव्हता. तो पुण्यात कळला.

लवादाच्या कार्यालयाखाली पत्रकार आणि कॅमेरे ताटकळत होते, कारण देशाच्या लाडक्या खेळाडूचं आणि त्याच्या सगळ्यात मोठ्या जाहिरातदाराचं भांडण म्हणजे त्यांची चंगळ होती. वर, सुनावणीआधी, 'वेगांत'चे अद्वैत सोमण भेटायला आले. माणूस लाघवी. चहा मागवला, ईराची चौकशी केली, रविवारच्या निवडीला शुभेच्छा दिल्या. डॉक्टर कुरियन यांचा अहवाल नाझनीनने आधीच पाठवला होता आणि तो सोमणांनी बारकाईने वाचलेला दिसत होता.

"आपण भांडायचं कशाला?" ते म्हणाले. "थांबलेले सगळे हप्ते आजच देतो. वाटाही तुम्ही मागितला तेवढा. पुढची पाच वर्षं तुम्हीच आमचा चेहरा. अट एकच, पायाचा हा इतिहास आपल्यातच राहील."

"आणि मुलांचे पाय?"

"पुढच्या आवृत्तीत आम्ही स्नायुलेख सौम्य करणार आहोत. हळूहळू. एकदम बदलला तर लोक घाबरतील."

"हळूहळू म्हणजे?"

"दोन हंगाम. फार तर तीन."

"किती मुलं घालतात हो?"

सोमणांनी जरा कचरतच सांगितलं, "चार लाखांच्या आसपास."

शर्विलने नाझनीनला बाहेरच्या व्हरांड्यात नेलं. "नाझनीनताई, मी बोललो तर काय होईल?"

"तू 'दुखापत नाही' असं सांगितलं होतंस. ते फसवणूक म्हणतील आणि आजवर दिलेलं सगळं परत मागतील. आपण लढू, पण वर्षानुवर्षं चालेल. बाकीचे जाहिरातदारही पळतील. तू तीस वर्षांचा होतोयस, अजून किती हंगाम खेळशील?" ती थांबली. "आणि एकदा आत सुनावणी सुरू झाली की गुप्ततेचा नियम लागतो. मग आतलं बाहेर बोलता येणार नाही. वकील म्हणून माझा सल्ला आहे, सही कर."

"आणि वकील म्हणून नाही तर?"

"ते विचारलंस तर आजची फी घेता येणार नाही मला," नाझनीन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

शर्विल घाबरला होता. पडद्यावर त्याच्याइतका निडर माणूस नव्हता, पण इथे सही करून मोकळं व्हावं असंच त्याला वाटत होतं. तिसरा मजला, ऋजुताच्या घराचं कर्ज, पेठेचा अभिमान, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग पायरी उतरणारी ईरा आली. तो जिना उतरून खाली गेला.

कॅमेऱ्यांसमोर तो कट्ट्यावर बसला, डाव्या पायातला बूट आणि मोजा काढला आणि घोटा पुढे केला. आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा होता, तो त्याने बोटाने दाखवला. "अकराव्या वर्षी हा पाय दुखावला आणि वाकडा जुळला," तो म्हणाला. "ज्याला तुम्ही अडखळ म्हणता ते माझं लंगडणं आहे. मला ते माहीत नव्हतं. आता माहीत झालंय. तुमच्या पोरांचे पाय चांगले आहेत. त्यांना माझं दुखणं शिकवू नका. आजच काढा ते मोजे."

मग व्हायचं ते झालं. लवादाने सुनावणी पुढे ढकलली. 'वेगांत'ने संध्याकाळच्या आत सगळी रक्कम परत मागणारी नोटीस पाठवली. काही आईबापांनी शर्विलला दुवा दिला, त्याहून जास्त लोकांनी शिव्या दिल्या. कुणी म्हणालं वाट्यासाठी नाटक, कुणी म्हणालं आमच्या पोराला कसलाही त्रास नाही, हा स्वतः संपला म्हणून दुसऱ्यांना संपवतोय. ते सगळं त्याने सोसलं. पण दुसऱ्या दिवशी तालमीच्या दारात वस्तादांनी त्याला बघून मान फिरवली, ते फार लागलं.

"साऱ्या मुलखात सांगितलंस, वस्तादाने पाय वाकडा बसवला म्हणून," म्हातारा भिंतीकडे बघत म्हणाला.

"तुमचं नाव घेतलं नाही मी, वस्ताद."

"नाव कशाला घ्यायला पायजे? पेठेला कळतंय की." मग त्याने शर्विलच्या डाव्या पायाकडे पाहिलं. "लई दुखत हुता का रं?"

"व्हय," शर्विल म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ते कबूल केलं आणि त्याला रडू आलं. वस्तादांनी त्याला जवळ ओढलं.

घरी ऋजुता दारातच उभी होती. "कर्जाचं बघू आपण काहीतरी," ती म्हणाली. "मी रोज बघत होते रे तिला पायऱ्या उतरताना. मला वाटायचं, तुझ्यासारखी चालतेय. कौतुकच वाटायचं." आणि तिने पदराने तोंड पुसलं.

ईरा मात्र त्याच्याशी बोलायला तयार नव्हती. तिने खोलीचं दार लावून घेतलं होतं. आतूनच ओरडली, "रविवारी निवड आहे माझी! मोज्याबिगर मला काय येतंय? दोन वर्षं मी काय केलो मग?"

"तू खेळलीस," शर्विल म्हणाला.

"मी न्हाई, तू खेळलास! माझे निस्ते पाय होते."

तो दाराबाहेर फरशीवर बसून राहिला. आपण पोरीचं रविवारचं स्वप्न मोडलं हे त्याला कळत होतं आणि बरोबर वागल्याचं समाधान तिच्या हुंदक्यांपुढे टिकत नव्हतं. हप्त्यांच्या बदल्यात आपण काय विकलं होतं, याचा हिशोब कुठल्याच करारात नव्हता. आपली चाल विकली असं तो समजत होता. प्रत्यक्षात चार लाख पोरांनी स्वतःची चाल शोधायच्या आतच तिच्या जागी त्याची बसवली गेली होती.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. ईरा चेंडू काखेत मारून, अनवाणी, त्याच्याकडे न बघता जिना उतरली. तो थोडं अंतर ठेवून मागे गेला.

उन्हं कलली होती आणि मैदान रिकामं होतं. पेठेतल्या बहुतेक आयांनी पोरांना घरात ठेवलं होतं. ईराने चेंडू टाकला आणि धावायला सुरुवात केली. मधोमध आल्यावर डावा पाय आपोआप झुकला. ती थांबली, चिडून मातीवर लाथ मारली, परत मागे गेली. पुन्हा धावली. पुन्हा झुकला. शर्विलला तिच्या मदतीला जावंसं वाटत होतं, पण काय सांगायचं? डावा पाय सरळ टाक म्हणायचं, तर तेही त्याचंच शिकवणं झालं असतं. तो हात मागे बांधून उभा राहिला.

आणखी बऱ्याच खेपांनंतर तिला वाटलं असावं, झुकायचंच असेल तर झुकू दे. पण या वेळी झुकलेल्या पायावरून ती बाहेर निघाली नाही. ती तशीच अर्धवट फिरली, उजव्या टाचेने चेंडू मागे सारला, तोल जाऊन हातावर पडली आणि पडता पडताच डाव्या पायाने चेंडूला स्पर्श केला. चेंडू भलत्याच दिशेने उडून कुंपणावर आपटला. शर्विलने आयुष्यात असं कधी केलं नव्हतं, कुणी केलेलं पाहिलंही नव्हतं. वेडंवाकडं होतं, आणि बचावपटू असता तर तो हमखास फसला असता.

ईरा मातीतून उठली. धापा टाकत, खरचटलेला तळहात चड्डीला पुसत ती त्याच्याकडे वळली. राग विसरली होती. डोळे मोठे झाले होते.

"मामा," ती म्हणाली, "आत्ताचं ते तुझं होतं, का माझं?"